मळ्यावर कोणतं कुत्रं? दादाला हवं अस्वलाएवढं, आईला हवं मांडीवर मावेल असं

ओतूरची_लेक

नमस्कार मंडळी. आमच्या घरात कुत्र्यावरून दोन तट पडलेत आणि दोन्हीकडचे फोन मलाच येतात. म्हटलं इथल्या जाणत्या लोकांना विचारावं.

आई-आबा ओतूरजवळ मळ्यात राहतात. गावापासून आत, कालव्याच्या अंगाला. घर, पुढे पत्र्याची पडवी, डाव्या हाताला गोठा, मागे कांद्याची चाळ. चाळीपलीकडे आमचा ऊस, त्याच्या पलीकडे चुलत्यांचा ऊस, आणि मग सगळ्यांचाच ऊस. आबा एकाहत्तर वर्षांचे, अजून रोज रानात जातात. आई सहासष्टची, दोन्ही गुडघे गेलेले. डॉक्टरांनी बदलायला सांगितलेत, ती म्हणते कांदे निघाले की बघू. कांदे दरवर्षी निघतात. मी पुण्यात असते, दादा चिंचवडला.

मोती होता आमचा, गावठी. मागच्या थंडीत बिबट्याने पडवीतून नेला. साखळी तशीच खांबाला होती, पट्टा तेवढा तुटलेला. जुन्नरकडच्या लोकांना यात नवीन काही वाटणार नाही, घरटी अशी एक गोष्ट आहे. पण तेव्हापासून आईची झोप गेलीय. कालवड नुसती हंबरली तरी उठून बसते. त्यात दिवाळीनंतर शेजारच्या दोन विहिरींवरून मोटारीची केबल कापून नेली. तांब्यासाठी नेतात म्हणे.

दादाचं म्हणणं, आता असं कुत्रं आणायचं की बिबट्याही लांबून जाईल आणि चोरही. मोबाइलवर कुठलेतरी व्हिडिओ बघून त्याने कॉकेशियन शेफर्ड पक्कं केलं. विकणारा सांगतो, हे लांडग्याला फाडतं, बिबट्याचं काय घेऊन बसलात! किंमत ऐकून आबा म्हणाले, तेवढ्यात गाय येते, वर दूध देते. मग दादा रॉटवायलरवर आला. तिथून खाली यायला तयार नाही.

आईला पांढरं, केसाळ पॉमेरियन हवंय. डोंबिवलीच्या मावशीकडे होतं, मावशी जाईल तिथे मागे मागे फिरायचं. दादा त्याला ‘बिबट्याचा नाश्ता’ म्हणतो. त्यावर आई त्याला जे म्हणाली ते तसंच लिहिते: “तू येणार सणासुदीला, जेवणार आणि जाणार. तुझे आबा दिवसभर रानात, संध्याकाळी बातम्यांसमोर. मी बोलायचं कुणाशी? मला राखण नकोय रे, घरात कुणीतरी हवंय.” दादा गप्प बसला, पण बेत काही बदललेला नाही.

आबांना विचारलं तर म्हणाले, गावात पिल्लं ढिगाने पडलीत, एक उचला. आणि चहा संपवून उठून गेले.

मला कळेना झालंय. मोठं कुत्रं खरंच बिबट्याला अडवतं का? आईच्याने ते सांभाळलं जाईल का? आणि छोटं आणलं तर ते दुसऱ्या आठवड्यात उचललं जाणार, ही दादाची भीती खरी आहे का? कुत्र्याच्या खाण्यापिण्याचा खर्च मी आणि दादा करू, पण रोजचं करणार आईच. कृपया ‘प्राणी म्हणजे जबाबदारी’ यावर प्रवचन नको, ते आबांकडून ऐकून झालंय.


पडवीतला_पाहुणा

आबांना माझा नमस्कार सांगा. एका वाक्यात निकाल देऊन उठून जाणारी माणसं आता राहिली नाहीत.

विकणाऱ्याला एक विचारा: आजवर किती बिबटे फाडले? आणि तेव्हा तो स्वतः कुठे उभा होता?

बाकी जाणकार सांगतीलच.


निवृत्त_पशुवैद्य

ताई, मी पुणे आणि नगर जिल्ह्यांत सरकारी दवाखान्यांत नोकरी केली. तुमचा भाग ओळखीचा आहे. थोडं लांबेल, पण तुमच्या घरच्या दोन्ही पक्षांना पुरेल असं लिहितो.

आधी दादांचं. कॉकेशियन शेफर्ड हे कॉकेशस पर्वतातल्या मेंढपाळांचं कुत्रं. जॉर्जिया, आर्मेनिया ही त्याची मूळ भूमी. नर पन्नास किलोच्या पुढे भरतो. लांडगा, अस्वल यांच्यापासून कळप राखायचा, हे त्याचं पिढ्यान्पिढ्यांचं काम, आणि त्यात ते वाकबगार आहे यात शंका नाही. पण ते काम कसं चालतं बघा. दोन-चार कुत्री एकत्र, मोकळी, सोबत मेंढपाळ, गळ्यात बऱ्याचदा खिळ्यांचा पट्टा. बर्फात निभावावं म्हणून अंगावर केसांचा दुहेरी थर. हे जनावर तुम्ही ओतूरच्या एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या पडवीत बांधणार. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच त्याला शरीर थंड करावं लागतं. जाड केसांची कुत्री दुपारी एकदा उष्माघातात गेली की तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत पोचेस्तोवर बऱ्याचदा उशीर झालेला असतो. विकणारा हे सांगत नाही. त्याचा व्यवहार पिल्लू गाडीत बसलं की संपतो.

दुसरी गोष्ट म्हणजे स्वभाव. परक्यावर अविश्वास हाच या जातीचा गुण म्हणून जपलेला आहे. तुमच्या मळ्यावर रोज कोण कोण येतं ते मोजा: दूध न्यायला येणारा, खुरपायला येणाऱ्या बाया, वायरमन, ऊसतोडीची टोळी आणि तिच्याबरोबरची लहान पोरं, कांदे भरायला येणारे हमाल. या प्रत्येकाच्या वेळी आईंना हे जनावर धरून ठेवावं लागेल. गुडघे धड असलेल्या तरुण माणसाला ते ओढून नेतं. रॉटवायलर हुशार असतो, शिकवला तर उत्तम शिकतो. पण ‘शिकवला तर’ यावरच सगळं आहे, आणि शिकवणार कोण? दादा चिंचवडहून?

कायद्याचंही सांगतो. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने २३ जातींच्या विक्री-पैदाशीवर बंदी आणणारं पत्रक काढलं होतं. त्यात या दोन्ही जाती होत्या. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द ठरवलं. त्यामुळे ‘बंदी आहे’ म्हणणारे आणि ‘काहीच नाही’ म्हणणारे दोघेही अर्धंच सांगतात. पण पाळलेल्या जनावराबाबत निष्काळजीपणा केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. हे कलम चिवावासारख्या इवल्याशा जातीलाही लागू आहे आणि कॉकेशियनलाही. पण कॉकेशियन चावला तर पुढचं प्रकरण दंडावर भागत नाही.

आता बिबट्या. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांची विष्ठा तपासून ते काय खातात याचा अभ्यास केला होता. वजनाच्या हिशोबाने त्यांच्या खाण्यातला ८७ टक्के भाग पाळीव किंवा माणसाच्या आधाराने जगणाऱ्या जनावरांचा निघाला, आणि एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. याच्या पुढचा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या, तरी खाण्यात शेळ्यांचा वाटा फक्त ११ टक्के. का? शेळी दिवस मावळला की आत जाते, दाराला कडी लागते. कुत्रं बाहेर राहतं, कारण राखण करायची असते ना!

बिबट्या समोरून येऊन कुस्ती खेळत नाही. दबा धरून मागून येतो आणि गळा धरतो. साखळीला बांधलेलं कुत्रं म्हणजे ताटात वाढलेलं. ते दहा किलोचं आहे की पन्नास, यावर फार तर नेणारा बिबट्या नर असेल की मादी एवढं ठरेल. मोती लहान होता म्हणून गेला नाही. बाहेर, बांधलेला आणि झोपलेला होता म्हणून गेला.

तेव्हा माझं मत: कुत्र्याकडून फक्त आवाजाची अपेक्षा ठेवा. कान आणि नाक त्याचं, उठून बॅटरी लावायचं काम माणसाचं. हे काम सहा किलोचं कुत्रंही करतं आणि घराच्या आतून करतं. आधी रात्रीची बंदिस्त जागा करा, मग जात निवडा. आणि जात निवडताना आई एका हाताने दोरी धरून गेटपर्यंत जाऊ शकतील का, एवढी एकच परीक्षा घ्या.


राजूरची_सून

डॉक्टरांनी लिहिलंय ते आमच्या अकोल्याचंच, म्हणून मी पण लिहिते. मला एवढं पुस्तकी येत नाही.

आमच्याकडे आठ गाया, दोन कुत्री. एक काळी, गावठी मादी. दुसरा ब्राऊनी, तो कसला आहे देव जाणे, पाय आखूड, अंग लांब, पुण्याच्या एका पाहुण्यांनी फ्लॅटात जमेना म्हणून आणून सोडला. डॉक्टर म्हणाले डाशुंडची भेसळ आहे. आवाज मात्र असा की फोनवर बोलणाऱ्याला वाटतं घरात वाघ पाळलाय.

दिवेलागणीला दोघं आत. आमच्या सासऱ्यांनी कोंबड्यांसाठी बांधलेली खोली होती गोठ्याला लागून, तीच नीट केली. तीन बाजूंनी कंबरेएवढी वीट, वर वेल्डमेशची जाळी, खाली कोबा. आणि ताई, वरून उघडं ठेवू नका हं. आमच्या वस्तीवर एकाने छान जाळी केली चारी बाजूंनी आणि वर आभाळ. बिबट्या झाडावर चढतो तो जाळीवर चढणार नाही का? दाराची कडी पण नुसती सरकती नको. तिला खिळ घाला, आतून कुत्र्याने पंजे मारले की सरकती कडी हळूहळू सुटते. आणि जाळीला खेटून झोपायची जागा नको. फळी मधोमध टाका, म्हणजे बाहेरून पंजा घातला तरी पोचत नाही.

राखण कशी करतात ते सांगते. चोर आला, पाहुणा आला, तर काळी भुंकते ती ठणठणीत, दारावर उड्या मारत. बिबट्या आसपास असला की ती भुंकतच नाही. पहिल्यांदा घशातल्या घशात एक आवाज, मग कोपऱ्यात जाऊन बसते. ब्राऊनी उलट, त्याला अक्कल नाही, तो अजूनच ओरडतो. म्हणजे दोघं मिळून पूर्ण निरोप येतो. ब्राऊनी ओरडतोय आणि काळी गप्प, असं झालं की आमच्याकडे कोणी एकटं बाहेर पडत नाही. आधी पडवीचा मोठा दिवा, मग मालक हातात काठी घेऊन, मागून मी भांडं वाजवत. गाया पण सांगतात. सगळ्यांची तोंडं एका बाजूला वळलेली असली की समजायचं.

छोट्या कुत्र्याचं एक सांगू का, ते कोणी सांगत नाही. ते पायात येतं. माझ्या हातात दुधाची बादली असते आणि ब्राऊनी मधेच आडवा. मी तरणी आहे, सावरते. तुमच्या आईचे गुडघे तसे, तर त्यांनी पडायला बिबट्याच पाहिजे असं नाही. गळ्यात घुंगरू बांधा. हसू नका, खरंच सांगते, मागे आहे की पुढे ते कळतं.

आणि आईंना बोलायला कोणीतरी पाहिजे, हे मला पटलं. मी दिवसभर काळीशी जेवढं बोलते तेवढं घरात कोणाशी बोलत नसेन.


हिंजवडीचा_डेनवाला

इथे मोठ्या कुत्र्यांची बाजू कुणीच घेत नाहीये, तर मी घेतो. माझ्याकडे ग्रेट डेन आहे, सुलतान. वजन चौसष्ट किलो. 

डॉक्टरांचं बिबट्याचं म्हणणं मान्य. पण ताईंच्या पोस्टमध्ये केबलचोरही आहे, त्याला विसरू नका. चोर कुत्र्याची वंशावळ बघत नाही, आकार बघतो. सुलतान आयुष्यात कुणाला चावलेला नाही, फटाके वाजले की बाथरूममध्ये जाऊन बसतो, पण गेटच्या आत तो उभा राहिला की कुरिअरवाला पार्सल गेटवरून टाकतो. मोठं कुत्रं नुसतं दिसण्यानेच निम्मी राखण करतं, ही गोष्ट पॉमेरियनला जमणार नाही.

आता खरंखुरं पण सांगतो, कारण दादा हे वाचत असतील. महिन्याला वीस किलोचं खाद्याचं पोतं कमी पडतं, वर अंडी, चिकन. वाढत्या वयात ‘हाडं मजबूत व्हावीत’ म्हणून कुणी कॅल्शियम पाजायला सांगेल, डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाजू नका, या जातींत त्याने सांधे बिघडतात. आयुष्य कमी. डेन आठ-दहा वर्षं जगला तरी पुष्कळ. आणि छाती खोल असलेल्या जातींत पोट फुगून जठराला पीळ पडतो. संध्याकाळी बरा असलेला कुत्रा नुसत्या कोरड्या ओकाऱ्या काढायला लागतो, पोट नगाऱ्यासारखं होतं, आणि काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर संपलं. सुलतानला झालं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. मी आणि वॉचमनने त्याला चादरीत घालून गाडीत टाकला, तरी माझी कंबर आठवडाभर धरली. पुण्यात रात्री उघडा दवाखाना मिळाला म्हणून वाचला. ओतूरच्या मळ्यातून आबा हे कसं करणार?

तेव्हा मोठं कुत्रं जरूर आणा, पण ते दादाने चिंचवडला पाळावं. आवड त्याची आहे ना?


ओतूरची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. राजूरच्या ताई, तुमची पोस्ट मी आईला फोनवर वाचून दाखवली. ‘बादली आणि ब्राऊनी’ला इतकी हसली की खोकला आला. मग म्हणाली, घुंगरू नको, घरात देवळासारखं वाजत राहील. आता छोटी घंटा चालेल म्हणतेय.

डेनवाले दादा, तुमचं शेवटचं वाक्य मी आमच्या दादाला जसंच्या तसं पाठवलं. वहिनीचं लगेच उत्तर आलं: “आमच्या वन-बीएचकेत आधी तुमचे दादा मावू देत.”

दादा खोलीच्या खर्चाला तयार झालाय, हे मात्र चांगलं झालं. चाळीच्या बाजूला जुना चारा ठेवायचा आडोसा आहे, तोच बंदिस्त करू म्हणतो. पण त्याचं टुमणं चालूच आहे: खोली झालीच आहे तर रॉटवायलर का नको?

डॉक्टर, अजून दोन गोष्टी विचारायच्या होत्या. पांढऱ्या केसाळ कुत्र्याला आमच्या गोठ्यात गोचीड किती लागतील? मोतीला उन्हाळ्यात एवढ्या लागायच्या की आबा कानातून चिमट्याने काढत बसायचे. आणि माझ्या ऑफिसातल्या एकीचे नातेवाईक परदेशी चाललेत, त्यांची चार वर्षांची पॉमेरियन मादी द्यायची आहे. फोटो आईने पाहिलाय (मी दाखवायला नको होता का?). पिल्लूच घ्यावं की एवढं मोठं झालेलं चालेल?


निवृत्त_पशुवैद्य

फोटो दाखवलात म्हणजे निम्मा निर्णय झालाच आहे.

चार वर्षांची मादी पिल्लापेक्षा बरी. पिल्लू म्हणजे सहा महिने चपला, वायरी आणि फरशी पुसणं. तेही वाकून, आईंच्या गुडघ्यांनी. मोठ्या कुत्र्याचा स्वभाव समोर दिसतो. जाऊन दोन-तीनदा भेटा. दार वाजल्यावर काय करते, ताटाला हात लावला तर गुरगुरते का, वयस्क माणसाच्या अंगावर उड्या मारते का, हे बघा. नसबंदी झालीय का विचारा. झाली नसेल तर करून घ्या. नाहीतर वर्षातून दोनदा माजावर आली की गावातले सगळे नर तुमच्या पडवीत, आणि त्यांच्या मागावर जो यायचा तो येणारच. लसीकरणाचं पुस्तक पाहिल्याशिवाय आणू नका. रेबीजची लस दरवर्षी, त्यात सवलत नाही. 

आपल्याकडे पॉमेरियन म्हणून जे असतं ते बहुतेकदा इंडियन स्पिट्झ. आपल्या हवेत पिढ्यान्पिढ्या रुळलेलं आहे, त्यामुळे कॉकेशियनसारखी काळजी नाही. तरी उन्हाळ्यात दुपारी आतच, फरशीवर. केस भादरू नका, रोज कंगवा फिरवा. आवाज खणखणीत आणि कान तिखट. पाल सरकली तरी सांगेल. पहिले काही आठवडे ती कशालाही भुंकेल, मोर, मोटार सुरू झाली, टोळीची बैलगाडी. तेव्हा तिला रागावू नका, एकदा बघून ‘बास’ म्हणा. नंतर आईंना आवाजावरून कळायला लागेल.

गोचीड लागणार. गोठा आहे तिथे त्या आहेतच. नुसतं कुत्र्याला औषध लावून भागत नाही. गोठ्याच्या भिंतींच्या भेगा, दगडांच्या सांदी यांतून अंडी असतात, तिथे फवारणी हवी. औषधाचं प्रमाण दवाखान्यातून विचारूनच घ्या. कुत्र्यासाठी दर महिन्याची गोळी किंवा मानेवर टाकायचं औषध मिळतं, ते वजनावर ठरतं, म्हणून मोठ्या कुत्र्याचं आणून अर्धं करून देऊ नका. कुत्री सुस्त झाली, खाणं सोडलं, हिरड्या फिक्या दिसल्या किंवा लघवी गडद झाली तर गोचीडताप असू शकतो. त्याच दिवशी रक्त तपासा.

दादांना सांगा, केबलसाठी विहिरीवर सोलरचा दिवा आणि मोटारीच्या पेटीला कुलूप लावा. विहीर घरापासून लांब असेल तर रॉटवायलर असो की आणखी कोणी, पडवीत बसून त्याला ती केबल दिसणार नाही. आणि फारच हौस असेल तर आबांचं ऐका. गावातलं एक मादी पिल्लू स्पिट्झच्या जोडीला आणा, दोन-तीन महिन्यांनी, आधीची रुळल्यावर. राजूरच्या ताईंकडे आहे तशीच जोडी होईल. रात्री दोघी आत.

बिबट्या घराच्या आसपास घुटमळत असेल तर वनखात्याला कळवा, १९२६ वर. स्वतः माग काढायला जाऊ नका.


ओतूरची_लेक

शनिवारी वेल्डर येतोय. वरची जाळी, खिळीची कडी, मधली फळी, सगळं लिहून दिलंय. रविवारी त्या कुत्रीला भेटायला जातेय, आईपण येते म्हणाली. गुडघे दुखत असताना ओतूरहून पुण्यापर्यंत! आबांनी फक्त एवढंच विचारलं, तिचं नाव काय आहे. स्नोई म्हटल्यावर म्हणाले, ते बदला.

शेवटचा प्रश्न आईकडून: ती आमच्यातली ताक-भाकरी, रस्सा-भाकरी खाईल का? की पिशवीतलंच लागतं?


निवृत्त_पशुवैद्य

भाकरी चालेल. ताकही थोडं चालतं, सोसतंय का बघा. सोबत रोज अंडं किंवा उकडलेलं चिकन हवं, नुसत्या भाकरीवर कुत्रं टिकत नाही. चार वर्षं पिशवीतलं खाल्लेली असेल तर आठवड्या-दहा दिवसांत हळूहळू बदला, नाहीतर हगवण लागेल.

पण रस्सा नाही. तिखट-मिठामुळे नकोच, त्याहून कांद्यामुळे. कांदा, लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. कच्चा असो की शिजवलेला, आणि सहा-सात किलोच्या अंगाला थोडा पुरतो. तुमच्या घरामागे चाळ आहे, तिथे खाली सडका कांदा पडलेला असतोच. चाळीच्या तळाला बारीक जाळी मारून घ्या, वेल्डर येतोच आहे. नारायणगावकडून कुणी द्राक्षं आणली तर तीही देऊ नका, मनुकेसुद्धा नाहीत. मूत्रपिंडं जातात.


राजूरची_सून

आणि मऊ भाकरीचा पापुद्रा द्या, कडा नको. आमचा ब्राऊनी कडा नेऊन गव्हाणीत लपवतो, मग गाय शोधते.